न दुखणारी गाठ

अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागते. दुखत तर नाही, मग वाटतं, दिवाळी होऊ दे, लेकीची परीक्षा होऊ दे, मग बघू. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, आणि घात होतो तो तिथेच.

बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखा स्राव आला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, काखेत गाठ आली, तर दवाखाना गाठा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचं तपासणीनं. सुई टोचून तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती मनातून काढून टाका.

मुंबईच्या टाटा रुग्णालयानं १९९८ साली इथल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या साधारण निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासलं. महागडं यंत्र नाही, फक्त शिकलेला हात! २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या जणींमध्ये रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता, आणि त्यांतल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. या आकड्यामागे किती घरांतल्या आया वाचल्या असतील, हा विचार मला सोडत नाही.

तिशीनंतर अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतही होते. संकोच वाटत असेल, तर बाई डॉक्टर किंवा नर्सताईंनी तपासावं असं मोकळेपणानं सांगा.