इसार देण्याआधी कर्जाची अट लिहून घ्या
(सायखेडा येथे बचत गटांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज मी माझे एक लाख रुपये कसे गेले ते सांगायला उभी आहे. ऐकून तुमचे वाचले तर बरं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घर बघितलं. सौदा 14 लाखांना ठरला. घरमालक म्हणाले, "दुसरं गिऱ्हाईक दारात आहे, आजच इसार द्या." कांद्याची पट्टी आली होती, त्यातले 70 हजार आणि गटातून उचललेले 30 हजार असे लाख रुपये दिले, इसार पावतीवर सह्या केल्या. बाकीचे बँक देईल असं धरूनच चाललो. पण बँकेने कर्ज नाकारलं. आमचे हे दिरांच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन होते आणि ते हप्ते थकलेले होते. पावतीवर लिहिलेलं, तीन महिन्यांत खरेदीखत झालं नाही तर इसार जप्त. घरमालक म्हणाले, "तुमचं कर्ज झालं नाही, त्यात माझा काय दोष?" कागदाप्रमाणे त्यांचंच बरोबर होतं. घर गेलं, लाख गेले आणि गटाचे 30 हजार व्याजासकट फेडले ते वेगळेच.

घेणाऱ्याकडून व्यवहार मोडला तर खरा इसार जप्त होऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टानेही 2012 च्या एका निकालात सांगितलंय. म्हणून पावतीत काय लिहिलंय त्यालाच किंमत. तोंडी "बघू, देऊ परत" याला काही अर्थ नाही.

मग करायचं काय?

पहिलं, इसाराच्या आधी बँकेत जा. क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो बघा. जामीन राहिलेलं कर्जही त्यात दिसतं.

दुसरं, पावतीत किंवा साठेखतात हे वाक्य घाला: "अमुक तारखेपर्यंत बँकेचे कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास इसाराची पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत करावी." किती कर्ज, तेही लिहा. कर्ज कमी मंजूर झालं तरी आपण अडकतोच. समजा सौदा 14 लाखांचा, पण बँकेने घराची किंमत 12 लाख धरली. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, म्हणजे 10 लाख 80 हजार. वरचे 3 लाख 20 हजार आपले. स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी वेगळी. घर बाईच्या नावावर घेतलं तर आपल्या राज्यात स्टँप ड्युटीत 1 टक्का सूट आहे, तेवढं लक्षात ठेवा.

तिसरं, इसार थोडा द्या आणि खात्यातून द्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे. नाशिकला बिल्डरकडून फ्लॅट घेणार असाल तर महारेरा नंबर बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही.

चौथं, कागद वकिलाला दाखवा. वारसांची नावं, जुना बोजा, सगळं तपासून घ्या. आणि आपण गोदाकाठची माणसं. 2016 आणि 2019 चा पूर आपण डोळ्यांनी पाहिलाय. घर पूररेषेत आहे का, हे आधी विचारा.

घरमालक अट लिहायला नाही म्हणाले तर? तर इसार देऊ नका. घर दुसरं मिळतं, तायांनो. घामाचा पैसा लवकर परत जमत नाही.

शेवटी एक मागणं. आपल्या गटातून कोणी इसारासाठी कर्ज मागितलं, तर पैसे देण्याआधी पावतीचा मसुदा बैठकीत मोठ्याने वाचायचा. कर्जाची अट नसेल तर ती घालून आणायला सांगायची. माझ्या वेळी कोणी एवढं विचारलं असतं, तर आज मी स्वतःच्या घरातून इथे आले असते.