घरचा संगणक आणि त्याची कार्यप्रणाली



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसलेले, परंतु एरवी धडधाकट असलेले संगणक आपल्या कित्येक घरांत आहेत. ते मोडीत काढावेत काय?

माझे नम्र मत असे की, प्रथम घरातील काम पाहावे. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, तर विंडोज सोडू नये. टॅली तिच्यासाठीच घडविलेली आहे. परंतु पत्रलेखन, मुलांचा अभ्यास, परगावच्या लेकीशी व्हिडिओवरून बोलणे एवढेच काम असेल, तर लिनक्स मिंट विनामूल्य मिळते व बऱ्याच जुन्या यंत्रांवरही सुखाने चालते. पेनड्राइव्हवरून ते आधी चालवून पाहता येते. प्रिंटर, कॅमेरा व मराठी टंकलेखन तेव्हाच पारखून घ्यावे. कायम बसविण्यापूर्वी मात्र छायाचित्रे व कागदपत्रे यांची प्रत दुसरीकडे अवश्य ठेवावी. एरवी ती पुसली जाण्याचा धोका असतो.

सोयरीक जुळविताना आपण नुसते नाव पाहत नाही, स्वभावही पाहतो. येथेही तोच विवेक ठेवावा. आपणांस नको झालेल्या यंत्रावर ज्ञातीतील एखाद्या होतकरू विद्यार्थ्याचे शिक्षण निभावेल, हे विसरू नये.