अंगठीचे वय नेमके कशाचे?



‘नाशिकचा हिरा’ म्हणून जगभर ओळखला जाणारा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात होता. 1818 साली पेशवाई बुडाली आणि तो इंग्रजांच्या हाती लागला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो घेतला. हिंदुस्थानी कारागिराने वजन राखून घडवलेला सुमारे 90 कॅरेटचा खडा त्या पेढीने चमक वाढावी म्हणून घासून 80 च्या आसपास आणला. 1837 मध्ये तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरकडे गेला आणि त्यांच्या तलवारीच्या मुठीत बसला. 1940 साली न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापला. आता वजन उरले 43.38 कॅरेट, आणि आकार झाला कोपरे छाटलेला लांबट चौकोन. 1944 मध्ये एका धनाढ्य अमेरिकन बाईंना तो लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला. त्या तो अंगठीत घालून मिरवीत.

त्या अंगठीचे वय किती सांगायचे?

हा प्रश्न प्रत्यक्ष कोर्टात गेला होता. 1927 साली पॅरिसचे जवाहिरे जॉर्ज मोबुसाँ यांनी हा हिरा अमेरिकेत आणला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू म्हणून त्यावर जकात नको, असे त्यांचे म्हणणे. धंद्यातल्या एका प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली, आणि शेवटी अपिलात ठरले की हा दागिन्यात बसवण्याजोगा, पैलू पाडलेला हिरा आहे. जकात भरावी लागेल. शंभर वर्षांचा असूनही तो जकातीपुरता बाजारातला माल ठरला. आपल्या काउंटरवरचे निम्मे वाद याच जातीचे असतात. गिऱ्हाईक खड्याचे वय सांगते, सराफ घडणीचे वय पाहतो, आणि दोघांनाही वाटते की समोरचा फसवतो आहे.

खड्याचे म्हणाल, तर बहुतेक नैसर्गिक हिरे शंभर कोटी वर्षांहून जुने असतात. त्यामुळे हिरा जुना, हे म्हणणे नेहमीच खरे आणि नेहमीच निरुपयोगी. कामाची गोष्ट आहे ती पैलूंची. खाणीतून निघाल्यावर माणसाने त्याला हत्यार कधी लावले, ते पैलू सांगतात.

दहापट भिंगाखाली जुना हिरा धरला की आधी त्याची बाह्यरेषा पाहावी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला ‘ओल्ड माइन’ घाट गोलसर चौकोनी असतो, वरचा माथा उंच, मधला सपाट टेबल लहान. वरून सरळ पाहिले की बरोबर मध्यभागी एक बारीक गोल छिद्र दिसते. ते छिद्र नसते. खड्याचे खालचे टोक पूर्वी छाटून सपाट ठेवीत, त्याचा पैलू टेबलातून तसा दिसतो. पैलूही ठोकळ, एकमेकांशी किंचित न जुळणारे. हाताने केलेले काम आहे हे लपत नाही. 1870 च्या दशकात बॉस्टनमध्ये हेन्री मॉर्स यांच्या कारखान्यात हिरा गोल करणारे यंत्र आले, तेव्हापासून कडा नेटक्या गोल होऊ लागल्या. 1919 मध्ये मार्सेल टॉल्कोव्स्की यांनी कोनांचे गणित मांडले. आज सुरतेत घडणारा नेहमीचा गोल हिरा त्याच घराण्यातला. म्हणजे अगदी काटेकोर गोल, टोकदार तळाचा, मोठ्या टेबलाचा खडा दाखवून कोणी ‘पणजीच्या लग्नातला’ म्हणाले, तर पणजीचे लग्न कोणत्या साली झाले ते विचारायला हरकत नाही.

आपल्याकडची पोलकी मात्र या हिशेबात बसत नाही. पातळ, सपाट, जेमतेम पैलू काढलेला हिरा कुंदनात बसवण्याची रीत शतकानुशतके चालत आली आणि आजही चालू आहे. केवळ पोलकी आहे म्हणून दागिना जुना म्हणणे हा निव्वळ आळस होय, असे प्रस्तुत वक्त्याचे स्पष्ट मत आहे.

दुसरा आळस गोवळकोंड्याच्या नावाचा. मराठवाडा दीर्घकाळ निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या प्रत्येक जुन्या खड्याला गोवळकोंड्याचा मान देण्याचा मोह होतो. पण खुद्द सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, घेतलेला 184.75 कॅरेटचा जेकब हिरा दक्षिण आफ्रिकेतला! 1867 च्या सुमारास तिथे हिरे सापडू लागले आणि थोड्याच वर्षांत जगाचा बाजार त्यांनी भरून गेला. त्यानंतरच्या अंगठीत आफ्रिकेचाच खडा असण्याचा संभव अधिक.

आता धातू. अंगठीच्या आत 750 कोरलेले असेल तर सोने 18 कॅरेट. इंग्लंडच्या जुन्या दागिन्यांवर शहराचा छाप आणि वर्षाचे अक्षर असते; बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर आणि अक्षराचा घाट तक्त्याशी ताडला की साल हाती लागते. भारतात सोन्याचे हॉलमार्किंग 2000 साली सुरू झाले आणि आरंभी त्यातही वर्षाचे अक्षर होते, 2000 साठी ‘ए’. 2017 पासून ते गेले. एचयूआयडी या सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय विक्री 1 एप्रिल 2023 पासून बंद झाली. पण जुनी अंगठीही आज हॉलमार्क करून मिळते, म्हणून छाप तपासणीची वेळ सांगतो, घडणीची नव्हे.

एक खूण खास आपली आहे. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि 14 कॅरेटच्या वर दागिना घडवण्यास बंदी झाली. देशभर सुवर्णकारांचे हात रिकामे झाले. जुन्या कारागिरांच्या घरांत त्या काळाची आठवण अजून काढली जाते. 1966 मध्ये ती मर्यादा उठली. तेव्हा देशी घडणीची, 14 कॅरेटची अंगठी समोर आली तर ती तीन वर्षे आठवावीत. अमेरिकेत मात्र 14 कॅरेट पहिल्यापासून सर्रास चालते, म्हणून परदेशातून आलेल्या अंगठीला हा न्याय लावू नये.

कागद मिळाला तर सोन्याहून पिवळे. पावतीवर आणे-पै असतील तर ती बहुधा 1 एप्रिल 1957 च्या आधीची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. वजन तोळा-मासा-गुंजेत असेल तर तेही जुन्या काळाकडे बोट दाखवते, पण जरा सैल. कायदा बदलल्यावरही तोळा जिभेवर राहिलाच. आणि सिल्लोडकरांसाठी सगळ्यात बोलकी खूण म्हणजे नाणे. निजामाच्या काळात अजिंठ्याचा घाट उतरला की खानदेश, म्हणजे इंग्रजी अंमल आणि कलदार रुपया. घाटाच्या वर, सिल्लोडच्या बाजूला, निजामाचा हाली सिक्का. पावतीवर ‘हाली’ लिहिलेले असेल तर व्यवहार निजामी मुलखातला. ‘कलदार’ असेल तर खरेदी जळगावकडची असण्याचा अंदाज बांधता येतो. 1950 च्या दशकात हाली सिक्का चलनातून गेला, म्हणजे काळाची वरची मर्यादाही आपोआप मिळते.

या सगळ्या खुणा एकमेकींशी भांडतात तेव्हा काय करावे? अंगठीतला सर्वांत नवा भाग आधी शोधावा. बाजूचे लाल खडे भिंगाखाली वक्र रेषा आणि हवेचे बुडबुडे दाखवत असतील तर ते कृत्रिम माणिक, आणि ते बनवण्याची व्हर्नुई यांची पद्धत 1902 साली जाहीर झाली. म्हणजे आजच्या रूपातली अंगठी बहुधा त्याआधीची नाही. मग पाहावे की तो भाग मूळचा की मागाहून बसवलेला. कडीच्या तळाशी डाखाची रेषा दिसली तर माप बदलले असावे. नख्या धारदार आणि कडी झिजलेली असेल तर नख्या नव्या. खडाही बदललेला असू शकतो. प्रयोगशाळेतला हिरा उष्णतेवर चालणाऱ्या साध्या टेस्टर पेनला खाणीतल्या हिऱ्यासारखाच वाटतो, तिथे प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच जावे लागते.

म्हणून या मेळाव्यापुढे एकच सूचना आहे. पावतीवर ‘अँटिक’ हा मोघम शब्द लिहिणे थांबवावे. पैलूंचा अंदाजे काळ, घडणीचा अंदाजे काळ, दुरुस्तीच्या खुणा, अशा तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात, आणि प्रत्येकीपुढे कशावरून ते दोन शब्दांत नोंदवावे. पॉलिश करण्याआधी किंवा मोडीत काढण्याआधी आतल्या बाजूचा फोटो घ्यावा, कारण चाकावर सगळ्यात आधी पुसट होतो तो छाप. दुपारच्या सत्रात मागच्या टेबलांवर भिंगे आणि काटे मांडले आहेत. ज्यांनी घरच्या अंगठ्या आणल्या असतील त्यांनी त्या धुऊन-पुसून न घेता, आहेत तशाच तिथे द्याव्यात.