‘अस्तु’ पाहिल्यानंतर
(विहाराच्या वर्धापनदिनी युवक मंडळातर्फे केलेले भाषण)



म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ गौतमाने घर सोडले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाबासाहेबांना ती पटली नव्हती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी हा प्रश्न उभा केला आहे. रोज घडणाऱ्या या गोष्टी 29 वर्षांच्या माणसाने त्याआधी पाहिल्याच नव्हत्या, हे कसे मानायचे? प्रश्न बिनतोड आहे. पण आमच्यापुरतं खरं सांगायचं तर आम्ही म्हातारी माणसं गल्लीत रोज पाहत होतो आणि तरी पाहत नव्हतो.

हे लक्षात आलं एका सिनेमामुळे. विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून आम्ही ‘अस्तु’ दाखवला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2013 चा हा मराठी चित्रपट. संस्कृतचे एक मोठे निवृत्त प्राध्यापक, डॉ. चक्रपाणी शास्त्री. त्यांना विस्मरणाचा आजार जडलेला. डॉ. मोहन आगाशे यांनी हे काम केले आहे. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. लेकीसोबत बाहेर पडलेल्या या विद्वानाला रस्त्यात हत्ती दिसतो आणि तो लहान लेकरासारखा हत्तीमागे निघून जातो. लेक रानोमाळ शोधते. इकडे माहुताची बायको चन्नम्मा त्याला जेवू घालते, सांभाळते. घरात खायची मारामार, तरी. तो तिलाच आई समजतो. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्मा कानडी बोलते. आपल्याकडे तेलुगू थोडीफार समजते, कानडी कुणालाच येत नव्हती, पण बाया डोळे पुसत होत्या.

सगळं विसरलं तरी ‘हत्ती बघायचाय’ ही इच्छा त्याच्यात उरली होती. तेवढ्यावर तो माणूस त्या दिवशी आनंदात जगला.

आणि आम्हाला आमच्या गल्लीतले आजोबा आठवले. नाव सांगत नाही. जन्मभर कापसाच्या गठाणी उचलल्या. आता दुपार झाली की उठतात आणि स्टेशनकडं चालू लागतात, “गाडी बघायची” म्हणून. आम्हीच पोरांनी त्यांना दहा वेळा हाताला धरून परत आणलं. हसलो. “आजोबा, कोण येणारंय गाडीनं?” असं विचारलं. एकदा तर दाराला बाहेरून कडी घातली. घरच्यांना बरं वाटावं म्हणून घातली, पण घातली आम्हीच.

सिनेमा संपल्यावर त्यांच्या सुनेने एवढंच विचारलं, “मग गाडी दाखवून आणलं तर काय बिघडतंय?” कुणाजवळ उत्तर नव्हतं.

आता आम्ही पाळी लावली आहे. दररोज एकजण त्यांना उमरी स्टेशनवर नेतो. बाकड्यावर बसतात. निजामाबादकडची गाडी आली की डबे मोजतात, चुकतात, पुन्हा पहिल्यापासून मोजतात. येताना भजी मागतात. डॉक्टरांनी तेलकट बंद सांगितलंय, त्यामुळे त्यावर आमच्यात रोज भांडण आहे आणि ते अजून मिटलेलं नाही. सून म्हणते, दोन द्या.

परवा पाळी असलेला पोरगा परीक्षेमुळे आला नाही. आजोबा टोपी घालून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून होते. यादीत अजून चार नावं पाहिजेत. कार्यक्रम झाल्यावर विहाराच्या दाराशी वही ठेवली आहे.

जयभीम.