वजाबाकीचा धडा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मानेसर येथे केलेले भाषण)



सातारा जिल्ह्यातील खेड्यांत प्राथमिक शिक्षिका म्हणून माझे आयुष्य गेले. आता मुलाच्या नोकरीमुळे मी मानेसरवासी झाले आहे. येथील कारखान्यांत काम करणारे आपण जाणताच की, नवा कामगार जाणत्याच्या शेजारी, यंत्रापाशी उभा राहून शिकतो. शिक्षकाला मात्र वर्गापासून दूर नेऊन शिकविण्याची आपली रीत!

माझेच सांगते. हातच्याची वजाबाकी मी बारा वर्षे शिकवीत होते. ५२ मधून २७ वजा करताना कित्येक मुले हटकून ३५ उत्तर काढीत. ती निष्काळजी आहेत, असे मी समजे. सुट्टीतल्या प्रशिक्षणांना गेले, टिपणे काढली, प्रवासभत्त्याच्या कागदावर सही केली. वजाबाकी होती तेथेच राहिली. पुढे केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत नमुना पाठ माझ्याकडे आला. पाठ संपल्यावर एक तरुण गुरुजी सर्वांदेखत म्हणाले, "बाई, मुले मोठ्या अंकातून लहान अंक काढताहेत. दशक सुटतो, हे त्यांनी कधी पाहिलेलेच नाही."

मन दुखावले, हे नाकारीत नाही. पण दुसऱ्या दिवशी काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधून वर्गात नेले. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या. सात द्यायच्या कशा? एका मुलीने न विचारताच गठ्ठ्याचे रबर सोडले! बारा वर्षांत माझा वर्ग कोणी पाहिला असता, तर किती मुलांची गणिताची भीती वाचली असती!

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच अंगणात आणि गुरे चारणाऱ्यांच्या कुरणात गेली. हे शहाणपण समोरच्या मुलांनीच त्यांना दिले. अलीकडे आमच्याच जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांतले वर्ग पाहावयास दूरदूरचे शिक्षक येत असत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. त्यांतले किती तास मुलांसमक्ष जातील, एवढेच मला विचारावेसे वाटते.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गाला शिकविणाऱ्या भगिनींना माझी एक विनंती आहे. एकीने शिकवावे, दुसरीने मागे बसून केवळ मुलांकडे पाहावे, आणि नंतर दोघींनी चहा घेत मोकळेपणी बोलावे. पहिला पाठ मी घेते. मागे कोण बसणार, तेवढे आज ठरवू या.