एक शस्त्रक्रिया, दोन देयके
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. धर्मादाय रुग्णालयाने रक्तक्षय, सर्पदंश, बालमृत्यू यांविषयी बोलावे. सौंदर्य-शस्त्रक्रियेशी त्याचा काय संबंध, असे कुणी विचारल्यास ते स्वाभाविकच आहे. परंतु आरोग्यविमा जसजसा घरोघरी पोहोचला, तसतशी बाह्यरुग्ण विभागात एक विनंती वारंवार कानी पडू लागली. "डॉक्टरसाहेब, नाकाचा पडदा सरळ करणारच आहात, तर वरचा उंचवटाही काढून टाका. विम्याचे पैसे तर येणारच आहेत." कधी हर्नियाच्या रुग्णास सुटलेले पोटही आवरून हवे असते, तर कधी सिझेरियनच्या वेळीच पोटाची सैल कातडी काढण्याची मागणी होते. ही विनंती बहुधा रुग्णाऐवजी सोबतचे वडीलधारेच करतात. आणि मुलगी उपवर असेल, तर हमखास करतात.

या मागणीस आम्ही हसत नाही. एकदाच भूल, एकदाच मुक्काम, एकदाच सुट्टी हा हिशेब शहाणपणाचा आहे. सोयाबीनच्या हंगामात दोनदा मजुरी बुडविणे किंवा अकोला-नागपूरच्या दोन फेऱ्या करणे ज्यांना परवडत नाही, त्यांना तो अधिकच पटतो. नाकाच्या बाबतीत तर शल्यशास्त्रही या हिशेबाच्या बाजूने आहे. नाकातील मधला पडदा वाकडा असेल, तर श्वासाला अडथळा होतो. तो सरळ करताना निघालेला कूर्चेचा तुकडा नाकाच्या बाहेरील आकारासाठी आधार म्हणून वापरता येतो. पुष्कळदा वाकडा पडदा आणि वाकडे नाक हे एकाच जुन्या दुखापतीचे फलित असते. अशा वेळी दोन्ही कामे एकत्र करणे इष्टच. मात्र नाकाची वाढ पूर्ण झालेली असावी, आणि सूज पूर्ण ओसरण्यास वर्षभरही लागू शकते हे घरच्यांनी ऐकून घेतलेले असावे. लग्नाची तारीख ठरवून मग शस्त्रक्रियेस येणाऱ्यांना हे सांगणे जड जाते.

पोटाचे तसे नाही. हर्नियाच्या दुरुस्तीत बहुधा जाळी बसवितात. तिच्यालगत कातडीचा मोठा भाग सोडवून काढला, की जखम मोठी होते, पाणी साचण्याचा व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीतीही वाढते. निवडक, सशक्त, तंबाखू सोडलेल्या रुग्णांत हे करता येते, सरसकट नव्हे. सिझेरियनच्या वेळी तर आम्ही स्पष्ट नकार देतो. प्रसूतीनंतर गर्भाशय व पोटाचे स्नायू मूळ स्थितीस येण्यास काही महिने लागतात. त्याआधी कातडी किती काढावी, याचा अंदाजच बांधता येत नाही. अंगावर पिणारे बाळ असताना आईला दुहेरी जखमेत अडकविण्याचे कारणही आम्हांस दिसत नाही.

आता विम्याकडे वळू. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळणुकीची कलमे प्रमाणित केली. त्यांतील सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या कलमाचा आशय असा की, केवळ रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळत नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच प्रकृतीचा थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेला उपचार यांस हे कलम लागू होत नाही. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावयाची असते. २०१७ साली आलेल्या वस्तू व सेवा कराने बरीचशी तीच रेषा ओढली. रुग्णसेवा करमुक्त राहिली. सौंदर्य-शस्त्रक्रिया त्या सवलतीतून वगळली गेली. परंतु जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेली शरीररचना वा कार्य पूर्ववत करणे करमुक्तच ठेवले गेले.

म्हणून एकत्रित शस्त्रक्रियेत आम्ही दोन अंदाजपत्रके देतो. पडदा सरळ करण्यास जितका वेळ, साहित्य व मुक्काम लागतो, तितकाच खर्च विमा कंपनीकडे पूर्वपरवानगीसाठी जातो. त्यावरील शस्त्रगृहाचा वेळ, भूलतज्ज्ञांचे वाढीव शुल्क, आकाराच्या कामाचे शल्यचिकित्सकांचे शुल्क व त्यावरील कर हा सर्व भार कुटुंबाचा. वाढीव कामामुळे मुक्काम लांबला किंवा गुंतागुंत झाली, तर तो खर्च विमा देईलच असे नाही, हेही आधीच लेखी दिले जाते. या वाक्याशी अनेकांचा उत्साह ओसरतो. ओसरू द्यावा.

मग आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न पुढे येतो. "कागदावर एकच लिहिले तर?" तसे लिहिले जाणार नाही. शस्त्रक्रियेच्या नोंदीत जे केले तेच उतरते, आणि ही केवळ आमच्या नीतीची गोष्ट नाही. खोट्या कागदावर केलेला दावा उघडकीस आला, तर पडद्याचे रास्त पैसेही हातचे जातात. पॉलिसीच्या अटींनुसार सर्व लाभ व भरलेले हप्ते जप्त होऊ शकतात. उद्या त्याच पॉलिसीवर वडिलांच्या हृदयविकाराचा भरवसा असतो.

परंतु आमच्या मते या जिल्ह्यातील अधिक मोठा अन्याय याच्या उलट दिशेचा आहे. फुकट रूप मागणारे थोडे. हक्काची पुनर्रचना "सौंदर्याची" समजून सोडून देणारे पुष्कळ. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या सुनेची हनुवटी छातीस चिकटते. मळणीयंत्राच्या पट्ट्यात केस अडकून डोक्याची कातडी सोलली जाते. कर्करोगामुळे स्तन काढलेली भगिनी वर्षानुवर्षे खांदा झुकवून चालते. यांना कोणीतरी सांगितलेले असते की, जीव वाचला ना, आता दिसण्यासाठी पैसे कोण देणार? कित्येकदा मागील चिठ्ठीवर एका डॉक्टराने घाईने "कॉस्मेटिक" हा एकच शब्द लिहिलेला असतो, आणि त्या शब्दावर बोट ठेवून दावा फेटाळला जातो. मान वळत नाही, पापणी मिटत नाही, तोंड पुरते उघडत नाही, हात डोक्यापर्यंत जात नाही, हे तपासून अंशांत मोजून लिहिले असते, तर तोच दावा मान्य होण्याची शक्यता कितीतरी अधिक होती. आमच्या तरुण सहकाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

येथे महाराष्ट्रातीलच एक जुनी हकिकत सांगण्याचा मोह होतो. कावसजी नावाचा एक बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर होता. तो टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या नाकाच्या जागी मेणाचे पातळ साचे बसवून पाहिले, ते कपाळावर पसरून मोजमाप घेतले, आणि कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी हे पाहिले. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याचा वृत्तान्त आला, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तीच पद्धत अवलंबिली. बैल हाकण्यास नाक लागत नाही. तरीही कावसजीचे नाक हा शृंगार होता, असे कोण म्हणेल?

शासकीय योजनांमध्येही ही दृष्टी आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत भाजल्याच्या व पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया अंतर्भूत आहेत. २०२४ पासून तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपये झाले आहे. दुभंगलेले ओठ व टाळू असलेल्या बालकांची तपासणी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. अशा बालकाचा ओठ शिवणे म्हणजे रूप देणे नव्हे. त्याला दूध ओढता यावे, शब्द उच्चारता यावा यासाठीचा तो उपचार आहे. या योजनांतील उपचार रुग्णास निःशुल्क असतो. म्हणून त्या दाखल्यात आम्ही कोणतेही सशुल्क सौंदर्यकाम मिसळत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

धर्मादाय संस्थेने सौंदर्यकाम करावेच का, अशी शंका विश्वस्तांपैकीही काहींनी व्यक्त केली आहे. २००६ च्या उच्च न्यायालयीन योजनेनुसार आमच्यासारख्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात, आणि सशुल्क रुग्णांच्या देयकांतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उपवर मुलीच्या नाकाच्या देयकातील १०० रुपयांमागे २ रुपये अशा रीतीने त्या भाजलेल्या सुनेच्या मानेपर्यंत पोहोचतात. उलट दिशेने, म्हणजे निधीतून सौंदर्याकडे, एक रुपयाही जाऊ नये यावर आमचा कटाक्ष आहे.

ज्यांना अशा शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा आहे, त्यांनी प्रथम पॉलिसीची मूळ प्रत आणावी. नाक-कान-घशाचे सौम्य विकार व हर्निया यांस बहुतेक पॉलिसींत सुमारे २ वर्षांचा प्रतीक्षाकाल असतो, तो संपला आहे काय ते आधी पाहू. जुन्या इजेचे कागद, भाजल्याच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, पोलिसांची नोंद असल्यास तिची प्रत, हे सर्व जपून ठेवावे. शस्त्रक्रियेपूर्वी छायाचित्र काढताना भगिनींना संकोच वाटतो. ते परिचारिकांच्या उपस्थितीत काढले जाते व प्रकरणाच्या पाकिटात बंद राहते. परंतु मान किती वळत होती, याचा त्याहून बोलका पुरावा नाही. विमा कंपनीने दावा नाकारल्यास नकार लेखी घ्यावा, प्रथम कंपनीकडेच तक्रार करावी, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. अर्ज लिहून देण्यास आमचा समाजसेवा विभाग कामाच्या दिवशी दुपारी उपलब्ध असतो.