फुकट विद्या आणि आपली एक खोली
(वार्षिक स्नेहसंमेलनात अमरावती येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी मला ‘संगणकशिक्षण व आपली मुले’ हा विषय नेमून दिला आहे. मी उभे आयुष्य अकोल्यास गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यात घालविले. संगणक मात्र मला कोणी शिकविला नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय, अशी शंका आपणांस येणे साहजिक आहे. माझा अधिकार एवढाच की, या बाबतीत मी एक मोठी चूक केली आणि तिची किंमत दुसऱ्याने भरली.

दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यात माझ्या पुतण्याची कोरडवाहू शेती आहे. त्याचा मुलगा बारावी उत्तीर्ण झाला, तेव्हा पुतण्या मला विचारावयास आला, “काका, शहरात प्रोग्रॅमिंग आणि रोबोट शिकविणारा एक क्लास निघाला आहे. घालू का पोराला?” मी म्हणालो, “घालून टाक, बापू. पैसे मोजल्याविना विद्या येत नसते.” त्याने सोयाबीन विकून १८,००० रुपये भरले. क्लास अडीच महिने चालला आणि एके दिवशी दाराला कुलूप दिसले. पैसे गेले ते गेलेच. परंतु ‘आपल्यालाच काही येत नव्हते’ अशी त्या मुलाची जी समजूत झाली, ती आजतागायत गेली नाही. तो आता एका दुकानात हिशेब लिहितो. संगणकाचे नाव काढले की उठून जातो.

त्याची धाकटी बहीण अकरावीस माझ्या घरी राहावयास आली. तिने मला न विचारताच, आईच्या जुन्या मोबाइलवर हीच विद्या फुकट शिकावयास आरंभ केला होता. मला प्रथम हसू आले. फुकटचे ते कितपत टिकणार, असे वाटले.

वस्तुतः हे भांडार किती मोठे आहे, याची आपल्यापैकी अनेकांना कल्पना नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम उभा राहिला. त्यातील एकेक पाठ सुमारे दहा मिनिटांचा असतो. पडद्यावर काम चाललेले दिसते आणि ते काय चालले आहे हे सांगणारा आवाज ऐकू येतो. ‘सी’ व ‘सी प्लस प्लस’ या संगणकभाषांचे पाठ तर मराठीतूनही ऐकता येतात. पाठ उतरवून घेतले की मग इंटरनेट नसले तरी चालते, ही गोष्ट आपल्या खेड्यांच्या दृष्टीने लहान नव्हे. केंद्र सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ सुरू केले. त्यावर आय.आय.टी. व तत्सम संस्थांच्या अध्यापकांचे अभ्यासक्रम बिनमोल शिकता येतात. शुल्क पडते ते केवळ परीक्षेस बसून प्रमाणपत्र घ्यावयाचे असल्यास. माझ्या नातीने पायथन या भाषेची अशी एक परीक्षा दिली आणि ती पहिल्या खेपेस नापास झाली, हेही सांगून टाकतो. तिने व्याख्याने सगळी पाहिली होती, पण उदाहरणे स्वतःच्या हाताने सोडविली नव्हती. पोहणे काठावर बसून पाहिल्यासारखे ते झाले. शिवाय मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे बोटांचे हालच. मग मी एक वापरलेला संगणक घेऊन दिला, आणि तेव्हापासून माझीही खुर्ची तिच्या शेजारी आली.

रोबोटचा आरंभ तिने आर्डुइनोवर केला. इटलीतील इव्रिया या गावी २००५ साली काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली ही तळहाताएवढी पाटी आहे. तिचा आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला. त्यामुळे तशीच पाटी आज काही शे रुपयांत मिळते. तेवढेही पैसे नसतील तर टिंकरकॅड या संकेतस्थळावर तिचे चित्र जोडून प्रोग्रॅम चालवून पाहता येतो. चित्रातली पाटी जळत नाही. आमची खरी पाटी मात्र जळली! नातीने चाकाची मोटर सरळ पाटीच्या पिनेला जोडली. त्या पिनेने साधारण २० मिलिअँपियर प्रवाह द्यावा अशी अपेक्षा असते, आणि मोटर सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढते. मध्ये मोटर चालविणारी निराळी चकती घालावी लागते, हे पाठात सांगितले होते. परंतु तो पाठ तिने घाईने ओलांडला होता.

याहून मला आनंद देणारी गोष्ट गेल्या मे महिन्यातली. तिच्या गाडीस समोरचा अडथळा ओळखण्यासाठी दोन डोळ्यांसारखे दिसणारे एक यंत्र लावले होते. ते माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजते. त्यावरून अंतर काढावयाचे. हिवाळ्यात सर्व ठीक चालले. मे महिन्यात, दुपारी, आमच्या वरच्या टिनाच्या खोलीत ती भिंतीपासून बरोबर १०० सेंटिमीटर अंतर पट्टीने मोजी, आणि यंत्र सांगे ९५. तारा बदलल्या, प्रोग्रॅम पुनःपुन्हा वाचला. दोन दिवस गेले. शेवटी ती रडकुंडीस येऊन म्हणाली, “आबाजी, मला हे जमणार नाही.” दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ जे म्हणाला, तेच हे शब्द. माझ्या छातीत धस्स झाले.

मी प्रोग्रॅममधील एकेक आकडा मोठ्याने वाचावयास सांगितला. त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला होता. आता हा आकडा मी चाळीस वर्षे फळ्यावर लिहिला आहे! तो साधारण १५ अंश तापमानाचा वेग. आणि दर अंशास तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. आमच्या टिनाखाली उष्णतामापक ४५ अंश दाखवीत होता, म्हणजे वेग ३५८ च्या आसपास गेलेला. प्रतिध्वनी लवकर परते आणि गाडीला भिंत जवळ वाटे. पाठ लिहिणारा चुकला नव्हता, मुलगीही चुकली नव्हती. अकोल्याचा उन्हाळा तेवढा कोणी हिशेबात घेतला नव्हता. तिने तापमानाचा आकडा प्रोग्रॅममध्ये घातला आणि अंतर जमले. त्या रात्री ती जेवताना एकटीच हसत होती.

हे मी एवढ्या विस्ताराने सांगतो, त्याला कारण आहे. मला आजही प्रोग्रॅम लिहिता येत नाही. तरीही त्या दुपारी मी शेजारी नसतो तर ती मुलगी तेथेच थांबली असती. पाठ फुकट मिळतात. परंतु अडले की शेजारी बसणारे माणूस, चार तास चालणारा संगणक, आणि ‘आज बसलास का?’ असे विचारणारा एक आवाज, हे इंटरनेटवरून उतरवून घेता येत नाही.

कार्यकारी मंडळापुढे आज एक ठराव आहे. विद्यार्थी साहाय्यक निधीतून संगणकाच्या खाजगी क्लासांची फी भरण्यास मुलांना कर्ज द्यावे, असा तो आहे. सूचकांचा हेतू शुद्ध आहे, याविषयी मला संशय नाही. मीही कधी काळी त्यास हात वर केला असता. आज मी त्याला विरोध करतो. आपल्याकडच्या बापाने कर्ज काढले की त्याचे पुढे काय होते, हे वऱ्हाडात कोणी कोणास सांगावयास नको.

त्याऐवजी अकोल्याच्या आपल्या इमारतीतील मागची खोली, जीत आज सतरंज्या व मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत, ती मोकळी करावी. तीन-चार वापरलेले संगणक, इंटरनेटची जोडणी, आर्डुइनोचे दोन संच, आणि वीज गेली तर चालणारे इन्व्हर्टर, एवढे पुरे. आपल्यात निवृत्त शिक्षक, वायरमन, बँकेतले लोक पुष्कळ आहेत. आठवड्यातून एकेक संध्याकाळ प्रत्येकाने वाटून घ्यावी. याच अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालविले, तेव्हा गावात शाळा होत्याच. खेड्यातल्या पोराला अडत होते ते राहण्या-जेवण्याचे. आणि त्यांच्या छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र राहत. म्हणून मी आणखी एक सूचना करतो, ती काहींना रुचणार नाही: खोली ज्ञातीची असली तरी तिचे दार ज्ञातीपुरते नसावे. शेजारच्या वस्तीतले पोर आले तर त्यालाही खुर्ची द्यावी. शिकणारे चार असले की एकाचे अडलेले दुसऱ्याकडून सुटते, आणि चार आपलेच असतील असे नाही.

मुंबईच्याच आय.आय.टी.चा ‘ई-यंत्र’ हा उपक्रम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रोबोटांची स्पर्धा घेतो. आपली मुले तेथवर जातील की नाही, हे मी सांगू शकत नाही. माझ्या नातीचे लक्ष तूर्त शेतातील ओल मोजून मोटर बंद करण्याकडे लागले आहे. मातीत खुपसलेली तिची पहिली पट्टी महिन्याभरात गंजली आणि आता दुसऱ्या जातीची मागविली आहे.

ठरावावर मत घेण्यापूर्वी माझी दुरुस्ती वाचून दाखवावी, अशी अध्यक्षांस विनंती आहे. ती संमत झाल्यास मंगळवारची व शुक्रवारची संध्याकाळ माझ्या नावावर लिहावी. आणि माझा पुतण्या आज या सभेत मागे बसला आहे. त्याला माझे सांगणे आहे की, बापू, थोरल्यालाही एकदा घेऊन ये. शिकावयास नको, नुसता खुर्च्या बाहेर काढावयास ये म्हणावे.